दुखणं थांबलं, की दुखण्याची खबर थांबली?

छातीत जळजळलं की अ‍ॅसिडिटीची गोळी, पोटात कळ आली की पेटक्यांची, गुडघा ठणकला की दुखण्याची आणि घाटातून जायचं असलं की उलटीची. बहुतेक घरांतल्या औषधांच्या डब्यात या चार गोळ्या हमखास सापडतात. मेडिकलमध्ये नुसतं नाव सांगितलं तरी मिळतात. गोळी घेतली, तासाभरात बरं वाटलं, की विषय संपला असं आपण धरून चालतो.

बरं वाटणं मात्र दोन तऱ्हांनी घडतं. एक तर त्रासाचं कारण दूर होतं. किंवा कारण जागच्या जागी राहतं आणि त्याची खबर मेंदूपर्यंत पोचेनाशी होते. याच्या उलटही घडतं. पोटात काहीच बिघडलेलं नसताना एखादं औषध तिथल्या मज्जातंतूंना चाळवतं आणि मेंदूला मळमळीची, कळांची खोटी खबर जाते. त्याला आपण "गोळी सोसत नाही" म्हणतो.

हा फरक ओळखता आला तर अनेक धोके टळतात. कोणती गोळी कधी घ्यायची, कधी थांबायचं आणि कधी गोळीचा डबा न उघडता थेट दवाखाना गाठायचा, हे ठरवणं सोपं जातं. त्यासाठीच हा लेख.

खबर निघते कुठून?

जठर, आतडी, फुप्फुसं, हृदय, मूत्राशय, गर्भाशय या सगळ्या अवयवांत संवेदी मज्जातंतूंची बारीक टोकं पसरलेली असतात. काही टोकांना ताण कळतो: जेवणाने जठर फुगलं, लघवीने मूत्राशय भरलं. काहींना रसायनं कळतात: आम्ल, विषारी पदार्थ, सुजेच्या जागी तयार होणारी द्रव्यं. या टोकांवर विशिष्ट प्रथिनं असतात, त्यांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. ग्राही उत्तेजित झाला की तंतूतून विद्युत संदेश निघतो. पोट आणि छातीतून मेंदूकडे जाणारी मोठी वाट म्हणजे व्हेगस हा मज्जातंतू. त्यातले सुमारे ८० टक्के तंतू मेंदूचे हुकूम आणणारे नाहीत, ते अवयवांची खबर वर नेणारे आहेत. पोटातल्या वेदनेची खबर मुख्यतः दुसऱ्या वाटेने, मज्जारज्जूमार्गे जाते.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांत एक भारतीय शास्त्रज्ञ आहेत, डॉ. अवतार सिंग पेंटल. व्हेगसमधले एकेक तंतू सुटे करून त्यांचे संदेश नोंदवण्याचं अत्यंत नाजूक काम त्यांनी केलं. जठर ताणलं गेल्याचं कळवणाऱ्या ग्राहींवरचा आणि या ग्राहींवर औषधांचा काय परिणाम होतो यावरचा त्यांचा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. आपल्या प्रयोगांत त्यांनी फिनाइल डायग्वानाइड हे रसायन वापरलं होतं. ते टोचलं की व्हेगसची काही टोकं ताबडतोब संदेश पाठवू लागत. हे रसायन सेरोटोनिनच्या एका ठरावीक ग्राहीवर काम करतं, हे नंतर उमगलं. तोच ग्राही बंद ठेवणारी गोळी आज जवळपास प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते. ती म्हणजे उलटी थांबवणारी ऑन्डॅनसेट्रॉन.

मळमळ: वेळ साधणं महत्त्वाचं

शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून पचनमार्गात असतं. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी ते साठवून ठेवतात. खाण्यातून विष गेलं, जंतुसंसर्ग झाला किंवा सिस्प्लॅटिनसारखं कर्करोगाचं औषध दिलं, की या पेशी सेरोटोनिन सोडतात. ते व्हेगसच्या टोकांवरच्या ग्राहींना चिकटतं आणि मेंदूला "पोटात घातक काहीतरी आहे" अशी खबर जाते. पुढची उलटी हा शरीराचा बचाव असतो.

ऑन्डॅनसेट्रॉन ग्राही आधीच अडवून धरतं. म्हणूनच केमोथेरपीच्या रुग्णांनी उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते, सांगितलेल्या वेळी केमोच्या आधी घ्यायची असते. "आज मळमळ नाही, मग गोळी कशाला?" असं म्हणून ती टाळू नका. आज मळमळ नाही, याचं श्रेय बहुधा त्या गोळीचंच असतं. केमोनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी मळमळ वेगळ्या ग्राहींमार्फत येते, म्हणून तिच्यासाठी अ‍ॅप्रेपिटंट किंवा ओलॅन्झापिनसारखी वेगळी औषधं जोडतात. ओलॅन्झापिनने फार गुंगी येते, ही रुग्णांची नेहमीची तक्रार. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमचा डोसही मळमळ तितकीच आवरतो आणि गुंगी कमी आणतो, असं दिसलं. गुंगी सोसत नसेल तर परस्पर गोळी बंद करण्याऐवजी डोसबद्दल डॉक्टरांशी बोला, हा त्यातून घ्यायचा धडा.

जुलाब-उलट्या होणाऱ्या मुलाला डॉक्टरांनी ऑन्डॅनसेट्रॉन दिलं असेल तर त्याचा हेतू एकच असतो: ओआरएस पोटात टिकावं. गोळीने उलटी थांबली म्हणून ओआरएस थांबवू नका. पाणी आणि क्षार कमी होणं हा खरा धोका असतो आणि तो गोळीने भरून येत नाही. या औषधाने बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी होऊ शकते. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार असलेल्यांनी ते विचारूनच घ्यावं.

डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड ही औषधं डोपामिनच्या ग्राहींवर काम करतात. अ‍ॅसिडिटीच्या गोळीत मिसळलेलं डॉम्पेरिडोन आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं रोज सकाळी उपाशीपोटी घेतात. हृदयाच्या लयीवर होणारा परिणाम पाहून युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये ते कमीत कमी दिवस, साधारणपणे आठवडाभरच घ्यावं, अशी शिफारस केली. तुमच्या रोजच्या गोळीच्या नावापुढे "डी" किंवा "डीएसआर" असेल, तर हा भाग अजून लागतो का, हे पुढच्या भेटीत नक्की विचारा. मेटोक्लोप्रमाइडने कधी कधी, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, मान वाकडी होणं, डोळे वर फिरणं, जबडा आखडणं असं होतं. ते झटक्यासारखं दिसतं आणि घरचे घाबरतात. अशा वेळी रुग्णाला लगेच दवाखान्यात न्या आणि कोणतं औषध दिलं होतं ते सांगा. त्यावर उतारा असतो.

गोळीच पोट चाळवते तेव्हा

काही औषधं सुरू केली की पहिले काही दिवस पोट कुरकुरतं. त्यातली बरीच कुरकुर निवळते आणि थोडी काळजी घेतली तर गोळी सोडावी लागत नाही.

मधुमेहाची मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घ्या. सुरुवात कमी डोसने करून तो हळूहळू वाढवला तर मळमळ आणि जुलाब कमी होतात. तरीही सोसलं नाही तर हळूहळू विरघळणारी एसआर प्रकारची गोळी मागता येते.

नैराश्य आणि चिंतेवरच्या एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्या सेरोटोनिनवर काम करतात. ते पोटातही असल्यामुळे पहिला आठवडा-दोन आठवडे मळमळतं. जेवणानंतर घ्या, धीर धरा, आणि मधेच झटक्यात बंद करू नका.

एरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं पोटाची हालचाल वाढवणाऱ्या मोटिलिनच्या ग्राहींना उत्तेजित करतात, म्हणून कळा येतात. ही अ‍ॅलर्जी नव्हे. मात्र अंगावर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर ती अ‍ॅलर्जी समजून तातडीने रुग्णालय गाठा.

सेमाग्लुटाइड आणि टिरझेपटाइड या मधुमेह व वजनासाठीच्या औषधांची आपल्याकडे सध्या मोठी चर्चा आहे. ती पोट भरल्याची खबर वाढवतात आणि जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात. म्हणून थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटतं, आणि सवयीप्रमाणे जेवलं तर मळमळतं. ताट छोटं घ्या, सावकाश जेवा, पोट भरल्यासारखं वाटलं की आग्रहाला बळी न पडता थांबा. तळलेलं आणि तुपकट कमी करा. पोटात तीव्र, पाठीत जाणारी वेदना आणि उलट्या असतील तर वाट पाहू नका, स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. कोणतीही शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांना हे औषध चालू असल्याचं आवर्जून सांगा, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं.

डिगॉक्सिन घेणाऱ्यांसाठी एक खास इशारा. भूक मरणं, मळमळ, उलट्या, दृष्टीत पिवळसर छटा ही या औषधाचं प्रमाण रक्तात जास्त झाल्याची खूण असू शकते. ती अ‍ॅसिडिटी समजून वरून गोळी घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

दुखण्याची गोळी आणि मुका अल्सर

अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांचं रहस्य जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं. त्यासाठी १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. ती वेदनेच्या मज्जातंतूंना इतकी हळवी करतात, की साधा स्पर्शही सोसवत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनामिक अ‍ॅसिड, अ‍ॅसिक्लोफिनॅक या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत.

पण हीच द्रव्यं जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षणही करतात. म्हणजे एकच गोळी दोन कामं करते: जठराचं संरक्षण काढून घेते आणि तिथे जखम झाली तर तिची वेदनाही बोथट करते. म्हणून या गोळ्या रोज घेणाऱ्या वयस्कर माणसांत अल्सर पुष्कळदा काहीही न दुखता वाढतो आणि पहिली खबर रक्तस्रावाचीच येते. "पोटात तर काही दुखत नाही" हा दिलासा इथे खोटा ठरतो.

काय करायचं?

गोळी काही खाल्ल्यावर घ्या आणि लागेल तेवढेच दिवस घ्या. सोबत अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारं औषध, स्टिरॉइड किंवा सर्ट्रालिनसारखी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना सांगा. जठराचं रक्षण करणारी गोळी जोडायची का, ते तेच ठरवतील. हृदयासाठी दिलेली छोटी अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

शौचाचा रंग पाहण्याची सवय लावा. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच हे पोटात रक्तस्राव होत असल्याचं लक्षण आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. शंका असेल तर अंदाज बांधत बसू नका. त्यात चक्कर, घाम, थकवा असेल तर ती तातडीची बाब आहे.

मासिक पाळीच्या वेदनेत गर्भाशयातल्या प्रोस्टाग्लँडिनचाच हात असतो. ते साठल्यावर गोळी घेण्यापेक्षा दुखायला लागताच, खाऊन गोळी घेतली तर ती जास्त उपयोगी पडते. एक-दोन दिवसांसाठी अशी गोळी घेण्यात गैर काही नाही. निमूटपणे सोसत राहण्याची गरज नाही. पण दर महिन्याला वेदना वाढतच असेल, गोळीला दाद देत नसेल किंवा पाळी नसतानाही ओटीपोटात दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायला हवी.

पेटके, जळजळ आणि छातीतलं दुखणं

डायसायक्लोमिन आतड्याच्या स्नायूंचा आवळा सैल करतं. स्नायू सैल झाला, की ताणाच्या ग्राहींकडून जाणारी खबरही कमी होते. मात्र पोटदुखी बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकली, ताप आला, पोट दगडासारखं कडक झालं, तर ती गोळी पुन्हा पुन्हा घेत रात्र काढू नका. अपेंडिक्सची सुरुवात अशीच होते. रुग्णालयात तपासणीच्या वेळी वेदनाशामक दिलं तर निदान चुकत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. धोका आहे तो तपासणीच न होता घरी गोळ्यांवर तास घालवण्यात. सहा महिन्यांखालच्या बाळाला पोटदुखीसाठी डायसायक्लोमिनचे थेंब मुळीच देऊ नयेत, त्याने श्वास अडखळू शकतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची या औषधाने लघवी अडू शकते.

पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या मज्जातंतूंना बधिर करत नाहीत. त्या आम्ल कमी करतात, म्हणून आम्ल ओळखणाऱ्या ग्राहींना कळवण्यासारखं फारसं उरत नाही. या गोळ्या जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात. अ‍ॅसिडिटीच्या काही पातळ औषधांत ऑक्सिटाकेन असतं. ते मात्र थेट बधिर करतं. ते दोन-चार दिवसांसाठी ठीक, महिनोन् महिने नव्हे. गिळताना अन्न अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, वारंवार उलट्या, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला अपचनाचा त्रास यांपैकी काहीही असेल तर आधी एन्डोस्कोपी, मग गोळी. तपासणीपूर्वी घशात लिग्नोकेनचा फवारा मारतात. त्याची बधिरता पूर्ण उतरेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदनेच्या वाटा मज्जारज्जूत एकमेकींजवळ येऊन मिळतात. मेंदूला खबर मिळते, पण ती नेमकी कुठून आली हे पक्कं कळत नाही. म्हणून हृदयविकाराचा झटका "गॅसेस" वाटतो. जळजळ किंवा दडपण छातीच्या मधोमध असेल, जबड्याकडे, खांद्याकडे, डाव्या हाताकडे जात असेल, घाम फुटत असेल, चालल्यावर वाढत असेल तर अ‍ॅन्टासिड घेऊन पाहण्याचा प्रयोग करू नका. १०८ वर फोन करा, ईसीजी काढून घ्या. अ‍ॅन्टासिडने थोडं बरं वाटलं, याचा अर्थ हृदय ठीक आहे असा होत नाही. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांच्या संवेदी मज्जातंतूंनाच इजा झालेली असते, त्यामुळे त्यांना छातीत न दुखताही झटका येतो. त्यांच्यात अचानक आलेला दम, घाम, प्रचंड थकवा हीच खबर समजावी.

मधुमेहींसाठी आणखी एक. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा-ब्लॉकर गोळ्या साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर झाकून टाकतात. घाम मात्र येतोच. या गोळ्या चालू असतील तर अचानक आलेला घाम गंभीरपणे घ्या आणि लगेच साखर मोजा.

तपासण्या नॉर्मल, तरी पोट दुखतं

सोनोग्राफी स्वच्छ, एन्डोस्कोपी स्वच्छ, तरी पोटात रोज गुबारा आणि कळा. अशा रुग्णाला घरचे "मनाचे खेळ" म्हणून गप्प करतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. आयबीएस या आजारात आतड्याचे संवेदी मज्जातंतू अति हळवे झालेले असतात. इतरांना जाणवणारही नाही एवढ्या वायूने त्याला खरोखर कळ येते. इथे खबरच मोठी होऊन जाते, म्हणून इलाज खबरेवर करणं हाच योग्य मार्ग. यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे औषध अगदी कमी डोसमध्ये, रात्री दिलं जातं. ब्रिटनमध्ये झालेल्या ॲटलांटिस नावाच्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठीवर हे नाव दिसलं आणि इंटरनेटवर "नैराश्याचं औषध" असं वाचलं, म्हणून गोळी फेकून देऊ नका. इथे त्याचं काम वेदनेच्या वाटेवर असतं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडणं आणि झोप येणं ही सुरुवातीची तक्रार असते.

ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन ही औषधं वेदना शमवतात आणि त्याच वेळी आतड्यातल्या ओपिऑइड ग्राहींवर बसून त्याची हालचाल मंदावतात. शरीराला त्यांच्या इतर परिणामांची सवय होते, बद्धकोष्ठाची सहसा होत नाही. म्हणून ही औषधं सुरू होताच शौचाचं औषधही मागून घ्या. जुलाबावरचं लोपेरामाइड याच ग्राहींवर काम करतं, पण नेहमीच्या डोसमध्ये मेंदूत पोचत नाही. शौचात रक्त असेल किंवा ताप असेल तर ते घेऊ नका, लहान मुलांना देऊ नका आणि ठरलेला डोस ओलांडू नका.

खोकला, दम आणि लघवी

रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि काही आठवड्यांनी कोरडा, घशात खवखव आणणारा खोकला लागला, असं पुष्कळांचं होतं. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल अशा नावाच्या शेवटी "प्रिल" असलेल्या गोळ्यांमुळे ब्रॅडिकायनिन हे द्रव्य साठतं आणि श्वासमार्गातले खोकल्याचे मज्जातंतू हळवे होतात. कफ सिरपच्या बाटल्या, प्रतिजैविकं, एक्स-रे यांवर खर्च होतो आणि खोकला तसाच राहतो. खोकला लागण्याआधी कोणती नवी गोळी सुरू झाली, हे आधी पाहा. डॉक्टर बहुतेक वेळा टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनवर बदल करतात आणि खोकला साधारण एक ते चार आठवड्यांत थांबतो. कधी त्याहून जास्त वेळही लागतो. रक्तदाबाची गोळी परस्पर सोडणं मात्र खोकल्याहून फार घातक.

दमाच्या बाबतीत पुन्हा डॉ. पेंटल यांचं नाव येतं. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांना लागून असलेले ग्राही त्यांनी शोधले, ते आज "जे रिसेप्टर" म्हणून ओळखले जातात. तिथे पाणी साचू लागलं, की हे ग्राही उत्तेजित होतात आणि श्वास उथळ व जलद होतो. हृदय कमजोर झालेल्या माणसाला आडवं पडल्यावर धाप लागते, त्यात फुप्फुसात साचलेल्या पाण्याचा मोठा वाटा असतो. इथे इलाज पाणी उतरवण्याचा, लघवी वाढवणाऱ्या औषधांचा. उशा वाढवाव्या लागणं, पायांना सूज येणं, दोन-तीन दिवसांत वजन वाढणं ही लक्षणं दम्याचा पंप मारून दडपू नका.

उन्हाळी लागली, लघवीला जळजळ झाली, की सिरप आणि भरपूर पाणी हा घरोघरचा उपाय. जळजळ त्याने कमी वाटेलही, पण जंतुसंसर्ग असेल तर तो राहतोच. फिनाझोपायरिडिन हे औषध मूत्रमार्गाचं अस्तर बधिर करतं. त्याने लघवी नारिंगी-लाल होते, घाबरू नका. मात्र ते प्रतिजैविकासोबत दोन दिवसांपेक्षा जास्त घेत नाहीत. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या बाजूला दुखलं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. वारंवार लघवी लागण्यावरच्या ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन अशा गोळ्यांनी वयस्करांत विसराळूपणा आणि गोंधळ वाढू शकतो. आजी-आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले तर वय झालं म्हणण्याआधी औषधांची यादी तपासा.

स्वयंपाकघरातली औषधं

मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीला जागं करतं, तोच ग्राही उष्णता आणि आम्लही ओळखतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ मध्ये शोधला आणि या कामासाठी २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. ठेचा खाल्ल्यावर तोंडात जे होतं ते म्हणजे वेदनेच्या तंतूंचा संदेश. तोच ग्राही पुन्हा पुन्हा उत्तेजित केला तर तंतू थकून शांत होतो. कॅप्सेसिनचं मलम सांधेदुखीत आणि नागिणीनंतरच्या वेदनेत याच तत्त्वावर चालतं. ते नियमित, काही आठवडे लावावं लागतं. लावल्यावर हात साबणाने धुवा आणि डोळ्यांपासून दूर ठेवा. पुदिन्यातला मेन्थॉल थंडावा ओळखणाऱ्या ग्राहीवर काम करतो. लवंगेतलं युजेनॉल दात बधिर करतं, पण किडलेला दात किडलेलाच राहतो. लवंगेने ठणका थांबला तरी दंतवैद्याची वेळ रद्द करू नका.

आणि एक घरगुती उपाय कायमचा सोडून द्या. कुणी कीटकनाशक, रॉकेल, अ‍ॅसिड प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. जठराचे मज्जातंतू चाळवून उलटी करवली, की ते विष परत वर येताना अन्ननलिका भाजतं आणि फुप्फुसात जाऊ शकतं. विषाची बाटली सोबत घ्या आणि तडक रुग्णालय गाठा.

घरी लावून घ्यायच्या सवयी

१. नवी गोळी मिळाली की डॉक्टरांना विचारा: ही आजाराचं कारण दूर करते, की फक्त त्रास कमी करते? किती दिवस घ्यायची? जेवणाआधी की नंतर?

२. घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची यादी करा: नाव, डोस, सुरू केल्याची तारीख. आयुर्वेदिक औषधं, मलमं आणि मेडिकलमधून स्वतः आणलेल्या गोळ्याही त्यात लिहा. नवी तक्रार आली की आधी त्या तारखांकडे पाहा.

३. त्रास कमी करणारी कोणतीही गोळी तीन-चार दिवसांपेक्षा जास्त लागत असेल किंवा पुन्हा पुन्हा घ्यावी लागत असेल, तर तपासणीची वेळ झाली असं समजा.

४. दवाखान्यात गेल्यावर "दुखत नाही" एवढंच सांगू नका. "गोळी घेतली म्हणून दुखत नाही" असं सांगा, गोळीचं नाव आणि वेळ सांगा.

५. गोळी सोसत नसेल तर बंद करण्याआधी फोन करा. वेळ, डोस किंवा प्रकार बदलून बऱ्याचदा तीच गोळी चालते.

६. काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, छातीत दडपण व घाम, कडक झालेलं पोट, अचानक आलेली धाप, यांपैकी काहीही असेल तर गोळी शोधण्यात वेळ घालवू नका. थेट रुग्णालयात जा.

वेदना शमवणं हे वैद्यकाचं मोठं आणि दयेचं काम आहे. सोसत राहण्यात मोठेपणा नाही. कर्करोगाच्या रुग्णाची मळमळ, पाळीची कळ, आयबीएसचा रोजचा जाच थांबवायलाच हवा. फक्त खबर थांबवताना ती काय सांगत होती, हे आधी कुणीतरी जाणत्याने ऐकलेलं असावं. आज संध्याकाळी घरातला औषधांचा डबा उघडा, एकेक पाकीट हातात घ्या आणि यादी करायला बसा. ज्या गोळीपुढे "कशासाठी" हे लिहिता येणार नाही, तिच्याबद्दल येत्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा.